खानदेशची भिल्ल पलटण
(अभ्यासपाठ)



गेल्या पावसाळ्याच्या आरंभी पिंप्राळ्याहून काही कोसांवर असलेल्या एका वस्तीत आम्ही मुक्कामास होतो. पहाटे एक भिल्ल तरुण शेताच्या बांधावरून धावण्याचा सराव करीत असलेला आमच्या दृष्टीस पडला. चौकशी करिता त्याने पोलीस भरतीसाठी अर्ज केला आहे असे समजले. पारावर बसलेले एक वजनदार गृहस्थ हसून म्हणाले, "भिल्लाच्या हाती बंदूक कोण देणार? घेऊन डोंगरात पळून जाईल!" तरुणाने मान खाली घातली व तो निघून गेला. सायंकाळी आमच्याजवळ येऊन त्याने हळूच विचारिले, "आमच्या लोकांनी पूर्वी कधी शिपाईगिरी केली होती काय?"

आम्ही त्यास त्या वेळी थोडक्यात उत्तर दिले. परंतु हा प्रश्न त्या एकट्याचाच आहे असे नाही, व पारावरच्या गृहस्थांचे मतही त्या एकट्यांचेच आहे असे नाही. सबब ज्या पलटणीने ह्या दोहोंचे उत्तर पूर्वीच देऊन ठेविले आहे, तिचा इतिहास ह्या पाठात देण्याचे आम्ही योजिले आहे. जळगावाहून पाळधीवरून पश्चिमेस गेले म्हणजे धरणगाव लागते. कवी बालकवींचे जन्मस्थान म्हणून ते गाव पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु ६० वर्षांहून अधिक काळ तेथे भिल्लांची एक स्वतंत्र पलटण होती, हे आज फार थोड्यांस ठाऊक असेल.

१. पलटणीपूर्वीचा खानदेश

भिल्ल हे मूळचे लुटारूच होते असा समज आहे. तो खरा नाही. पुष्कळ गावी भिल्ल हे जागल्याचे काम करीत. गावाची राखण करावी, चोराचा माग काढावा, घाटातून जाणाऱ्या वाटसरूंस सुखरूप पलीकडे पोचवावे, व ह्या कामाबद्दल गावाकडून ठरलेला हक्क घ्यावा, अशी त्यांची रीत होती. ज्यांस आपण दरोडेखोर म्हणून ओळखू लागलो, ते पूर्वी गावाचे राखणदार होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी प्रथम ध्यानात धरावी.

१८०२ ते १८०४ ह्या सुमारास ही घडी मोडली. होळकरांच्या व इतरांच्या फौजांनी मुलूख तुडविला, त्यामागोमाग भयंकर दुष्काळ पडला, गावे ओस पडली. जेथे गावच उरले नाही तेथे राखणदाराचा हक्क कोण देणार? भिल्ल डोंगरात गेले व लुटीवर राहू लागले. त्यांस जरबेत आणण्यासाठी पेशवाईच्या अखेरच्या काळातील अधिकाऱ्यांनी जे उपाय योजिले ते अंगावर काटा आणणारे आहेत. १८०४ मध्ये कोपरगाव येथे बाळाजी लक्ष्मण ह्या सुभेदाराने पुष्कळ भिल्लांस गोळा करून, कपटाने पकडून विहिरींत टाकविले. अभयवचन देऊन बोलवावे व आलेल्यांस मारावे, हा प्रकार त्या काळी अनेकदा घडला. त्यामुळे सरकारी मनुष्याच्या शब्दावर विश्वास ठेविला तर प्राण जातो, असा धडा एका पिढीने दुसरीस दिला.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली व खानदेश इंग्रजांच्या हाती आला. कॅप्टन ब्रिग्ज हे येथील पहिले अधिकारी होते. डोंगरांच्या वाटा अडवाव्या, टोळ्यांचा पाठलाग करावा, नाईकांस पकडून शिक्षा द्यावी, असा क्रम पुढील सात वर्षे चालला. फौजा थकल्या, तापाने शिपाई मेले. परंतु एक टोळी मोडावी तो सातमाळ्यात किंवा सातपुड्यात दुसरी उभी राही. बंदुकीने माणसे मरत होती, पण मुलूख स्वस्थ होत नव्हता.

२. नवा विचार

त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे होते. १८२५ मध्ये त्यांच्या सरकारने धोरण बदलिले. मागील गुन्ह्यांची माफी द्यावी, नाईकांचे घाटांवरील जुने हक्क मान्य करावे, जे खाली येऊन वसतील त्यांस जमीन व तगाई द्यावी, आणि ज्यांस नांगर धरवत नाही त्यांस शिपाई करावे, असे ठरले. ह्यासाठी तीन भिल्ल एजन्स्या स्थापन झाल्या. दक्षिणेस कन्नड येथे ओव्हान्स, वायव्येस नंदुरबारकडे रिग्बी, व ईशान्येस धरणगाव येथे लेफ्टनंट जेम्स औट्रम, असे तीन अधिकारी नेमिले गेले.

दक्षिणेकडील एजन्सीत मुख्य भर वसाहतीवर होता, तर पलटण उभारण्याचे काम औट्रमकडे आले. त्याचे वय त्या वेळी अवघे २२ वर्षांचे होते. पुष्कळ अनुभवी अधिकाऱ्यांस हा विचारच वेडेपणाचा वाटत होता. ज्यांच्याविरुद्ध लढावयाचे त्यांच्याच हाती सरकारी बंदुका द्यावयाच्या! पारावरच्या गृहस्थांचा आक्षेप दोनशे वर्षांपूर्वीही जसाच्या तसा घेतला गेला होता.

३. पाच माणसे

औट्रमने आरंभ कसा केला हे त्याने स्वतःच्या पत्रात लिहून ठेविले आहे. त्यातील सर्वच गोष्टी प्रशंसेस पात्र आहेत असे नाही. त्याने प्रथम नेहमीच्या फौजेनिशी डोंगरांत छापे घालून पुष्कळांस कैद केले. मग कैद्यांपैकी काहींस सोडून, "तुमच्या आप्तांस घेऊन या, म्हणजे सर्वांस मोकळे करू," असे सांगून पाठविले. येणेप्रमाणे नाईकांशी बोलणे सुरू झाल्यावर मात्र तो एकटाच, पहारा न घेता, त्यांच्या रानात जाऊन राहिला. त्यांच्याबरोबर त्याने वाघांची शिकार केली. मद्य पाजून त्यांची मने जिंकिली असेही तो लिहितो. हा भाग आम्ही कोणास अनुकरणासाठी सांगणार नाही, कारण दारूने पुढे ह्या समाजाची केवढी हानी केली हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु ज्यांच्या बापांस अभयवचन देऊन मारिले होते, त्यांच्यामध्ये निःशस्त्र व निश्चिंत झोपणारा अधिकारी त्या डोंगरांनी पूर्वी पाहिला नव्हता. ह्या एका गोष्टीचा परिणाम मोठा झाला.

तरीही शिपाई होण्यास तयार झाले किती? अवघे पाच. त्या पाचांवर औट्रमने पलटणीचा पाया घातला. ज्याने त्यांच्यावर विश्वास ठेविला त्याचे कौतुक इतिहासात झाले आहे. आम्हांस मात्र त्या पाच भिल्लांचे धैर्य अधिक मोठे वाटते. औट्रमच्या मागे एक सबंध सरकार उभे होते. ह्या पाचांच्या मागे केवळ फसवणुकीच्या आठवणी होत्या, आणि पुढे जाऊन फसलो तर परत डोंगरात तोंड दाखविण्यास जागा नव्हती.

४. 'लाईन'ची भीती

पाचांचे पुढे काही दशके झाले, तशा अफवा उठू लागल्या. कवाईत शिकविताना शिपायांस एका रांगेत, म्हणजे 'लाईन'मध्ये, उभे करावे लागते. भिल्लांमध्ये अशी वार्ता पसरली की, लाईन करण्याचा हेतु सर्वांस एकत्र जखडून टाकण्याचा आहे, आणि सगळ्या जातीचा नायनाट करावयाचा आहे. इतकेच नव्हे, तर ह्या परकी धन्यांच्या देशात भिल्लाच्या रक्ताला औषध म्हणून मोठी मागणी आहे, असेही लोक बोलू लागले.

वाचकहो, हे ऐकून हसू येईल. परंतु हसू नये. ज्यांस एकत्र बोलावून विहिरींत टाकिले होते, त्यांस रांगेत उभे राहण्याचे भय वाटणे अगदी स्वाभाविक होते. आपणही खेड्यांत काम करिताना पाहतो की, लस टोचणारी बाई आली, शिरगणतीचा मनुष्य आला, की काही वस्त्यांत माणसे घरे सोडून निघून जातात. त्यांस अडाणी म्हणणे सोपे आहे. पूर्वी कोण आले होते व त्याने काय नेले, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. अफवा हा बहुधा जुन्या जखमेचाच व्रण असतो.

औट्रमने अफवा पसरविणाऱ्यांस दंड करून ती थांबली नाही. शब्द दिल्याप्रमाणे पगार मिळत गेला, कवाईत करून माणसे रोज जिवंत घरी परतू लागली, तेव्हाच ती थांबली.

५. मालेगावची भेट

ह्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आमच्या मते लढाईचा नाही. नव्या शिपायांस घेऊन औट्रम मालेगावच्या छावणीस गेला. मालेगाव तेव्हा खानदेशातच होते. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये निराळा झाल्यावर ते तिकडे गेले. त्या छावणीत औट्रमची स्वतःची, मुंबईच्या फौजेतील २३ वी पलटण होती. तिच्यात उच्च मानलेल्या जातींचे पुष्कळ शिपाई होते. काही महिन्यांपूर्वी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या तेच भिल्ल आता अर्धवट शिकलेली कवाईत घेऊन समोर आले. आता थट्टा होणार, कोणी तोंड फिरविणार, आणि एवढ्या कष्टाने जमविलेली माणसे अपमानाने डोंगरात परत जाणार, अशी धास्ती वाटण्याजोगा तो प्रसंग होता.

परंतु तसे झाले नाही. त्या पलटणीच्या लोकांनी भिल्लांस आपणांत बसवून घेतले, खावयास दिले, व लहानथोर सर्वजण त्यांच्याशी मित्रभावाने बोलले. भिल्ल शिपाई परतले ते हर्षभरित होऊन; आणि आपण ह्या आपल्या शिपाईबंधूंच्या बरोबरीचे होईपर्यंत आम्हांस कवाईतीतून विसावा देऊ नका, अशी त्यांनी औट्रमला विनंती केली.

जी गोष्ट सात वर्षांच्या पाठलागाने झाली नाही, ती एका दुपारच्या सन्मानाने झाली. ज्या मनुष्यास कोणी पाशी बसविले नाही, त्यास पाशी बसविणे ही किती मोठी शक्ती आहे, हे आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांनी स्वतःच अनुभविले आहे. त्यांस हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.

६. पलटणीची कामगिरी

पुढील काही वर्षांत पलटण वाढून तिची संख्या सहाशेच्या घरात गेली. धरणगाव हे तिचे मुख्य ठाणे झाले. शिपायांची बायकामुले तेथे वसली. जी डोंगरातील ठाणी पूर्वी नेहमीची फौज सांभाळीत असे, व जेथे परमुलखातील शिपाई तापाने मरत, ती ठाणी आता भिल्ल शिपाई सांभाळू लागले. खजिना पोचविणे, कैद्यांवर पहारा ठेवणे, घाट राखणे, दरोडेखोरांचा माग काढणे, ही त्यांची नित्याची कामे होती. बारकाईने पाहता त्यांचे आजे जागल्ये म्हणून जे करीत तेच काम त्यांस परत मिळाले होते. हक्काच्या दाण्यांऐवजी आता पगार होता.

१८२८ च्या सुमारास कलेक्टरांनी सरकारास कळविले की, वीस वर्षांत प्रथमच जिल्ह्यास सलग सहा महिने स्वस्थता लाभली आहे. १८३० मध्ये डांगच्या मोहिमेत ही पलटण औट्रमबरोबर गेली. १८३५ मध्ये औट्रमची बदली गुजराथेतील महीकांठ्याकडे झाली; पुढे १८५७ मध्ये लखनौच्या लढाईत त्याचे नाव गाजले व १८६३ मध्ये तो मरण पावला. खानदेशातील हा प्रयोग यशस्वी झालेला पाहून इतरत्रही अशा पलटणी उभारण्यात आल्या. त्यांपैकी राजपुतान्यात खेरवाडा येथे १८४१ मध्ये उभारलेली मेवाड भिल्ल कोअर अद्यापि राजस्थानच्या पोलीस दलाचा भाग म्हणून चालू आहे.

७. आपल्याच लोकांविरुद्ध

आता ह्या इतिहासाची दुसरी बाजू. ती वगळली तर हा पाठ खोटा ठरेल.

मुंबई-आग्रा रस्त्यावरील सेंधव्याच्या घाटाची राखण खाज्या नाईक हा करीत असे. तोही सरकारचाच चाकर होता. मध्यंतरी त्याची नोकरी गेली व त्यास तुरुंगवास घडला; सुटल्यावर त्यास पुन्हा कामावर घेतले होते. १८५७ मध्ये उत्तरेत उठाव झाला तेव्हा तोही उठला. भीमा नाईक त्यास मिळाला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी घाटात सात लाख रुपयांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी येथे इंग्रजी फौजेशी त्यांची मोठी लढाई झाली. पुष्कळ भिल्ल तेथे पडले, आणि जे हाती लागले त्यांपैकी अनेकांस तेथल्या तेथे चौकशीचा देखावा करून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या स्त्रियाही कैद झाल्या. खाज्या नाईक १८६० मध्ये दग्याने मारला गेला. भीमा नाईक १८६७ मध्ये पकडला जाऊन अंदमानास गेला व तेथेच १८७६ मध्ये मरण पावला. आज ह्या दोघांचे स्मरण स्वातंत्र्यवीर म्हणून केले जाते.

ह्या दोन वर्षांच्या मोहिमांत खानदेशची भिल्ल पलटण सरकारच्या बाजूने होती. एक भिल्ल बंदूक घेऊन डोंगर चढत होता व वर दुसरा भिल्ल तीरकमठा घेऊन बसला होता. ह्यांत एक इमानी व दुसरा बेइमान असा निवाडा करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. शिपायाने खाल्लेल्या मिठास जागावे, हे खरे. खाज्या नाईकाच्या मनात जी आग होती तीही अकारण नव्हती. परंतु एवढे उघड दिसते की, ज्या पलटणीचा हुकूम दुसऱ्याच्या हाती असतो, तिला कोणावर बंदूक रोखावी हे ठरविता येत नाही. विश्वास संपादन करून जमविलेली माणसे कोणत्या कामास लाविली जातात, हा प्रश्न पाच माणसांच्या त्या सुंदर प्रसंगालाही विचारलाच पाहिजे.

८. शेवट, आणि जे राखले गेले नाही

मुलूख शांत झाला, आगगाडी आली, जिल्ह्याचे पोलीस खाते वाढले, आणि निराळ्या पलटणीची सरकारास गरज वाटेनाशी झाली. १८९१ मध्ये ती पोलिसांत विलीन करण्यात आली. सिमकॉक्स नावाच्या अधिकाऱ्याने तिचा वृत्तांत लिहिला. तो १९१२ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. तेच पुढे जळगाव व धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निघाला. नंदुरबारात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे दर १०० माणसांत सुमारे ६९ आदिवासी आहेत.

परंतु १८२५ च्या योजनेत पलटण हे एकच अंग होते. दुसरे अंग जमिनीचे होते, व त्याची राखण कोणी केली नाही. पलटणीने सरकारी खजिना राखला, घाट राखले, शेटसावकारांच्या बैलगाड्या राखल्या. भिल्लाच्या नावावर झालेले शेत मात्र कर्जखताच्या एका अंगठ्याने हातातून गेले. अक्षरओळख नव्हती, कागदात काय लिहिले आहे ते सांगणारा कोणी नव्हता, आणि जंगलाच्या नव्या कायद्यांनी डोंगरही परका झाला. ज्याने जमीन मिळावी म्हणून शस्त्र खाली ठेविले, त्याचा नातू त्याच जमिनीवर सालदार होऊन राबू लागला. शहादे तालुक्यात १९७० नंतर अंबरसिंग सुरतवंती व त्यांचे सोबती ह्यांनी आदिवासींच्या जमिनी परत मिळविण्यासाठी जो लढा दिला, त्याचे मूळ येथे आहे. आदिवासींच्या जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्रात १९७४ चा कायदा झाला, व वनहक्कांचा कायदा २००६ मध्ये झाला. म्हणजे १८२५ चे वचन पुरे करण्याचे काम अद्यापि चालूच आहे.

९. आजची स्थिती

स्वातंत्र्यानंतर सैन्य व पोलीस ही दोन्ही देशाची झाली. भारतीय सेनेत आज भिल्लांच्या नावाची निराळी रेजिमेंट नाही. परंतु सैन्याचे दार त्यांस बंद नाही. १९७१ च्या युद्धात परमवीरचक्र मिळविणारा लान्स नाईक अल्बर्ट एक्का हा छोटा नागपुराकडील आदिवासी होता, व तो ख्रिस्ती होता. आपल्या भागात धुळे येथे राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ आहे, आणि पोलीस प्रशिक्षणाची शाळाही आहे. औट्रमच्या पाच माणसांस पुढे काय होईल हे ठाऊक नव्हते. आजच्या तरुणास अर्ज, परीक्षा, धावण्याची वेळ व कायद्याने दिलेली राखीव जागा, एवढे सर्व छापील मिळते. आणि हुकूम देणारे सरकार निवडण्यात त्याचेही मत असते. हा भेद लहान नव्हे.

सारांश असा की, भिल्लाच्या हाती बंदूक कोण देणार, ह्या प्रश्नाचे उत्तर धरणगावाने १८२५ मध्येच दिले आहे. ती दिली गेली, व घेणाऱ्यांनी ६६ वर्षे ती सांभाळिली; ते डोंगरात पळून गेले नाहीत. मोडला तो दुसऱ्या बाजूचा शब्द. तेव्हा ज्याच्यावर आपण संशय घेतो, त्याचे आपण काय देणे लागतो हे आधी पाहावे, हा ह्या पाठाचा बोध होय.

तो तरुण अजून रोज पहाटे धावत असतो. भरतीचा निकाल लागावयाचा आहे. तो कसाही लागो. आपल्या लोकांनी शिपाईगिरी केली होती काय, हे आता त्यास कोणास विचारावे लागणार नाही.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. डोंगरात जाण्यापूर्वी भिल्लांचे गावात कोणते काम होते? ते का सुटले?
२. 'लाईन'ची अफवा कशामुळे पसरली व कशाने थांबली? आपल्या गावात अशी एखादी भीती आहे काय? तिचे मूळ शोधा.
३. मालेगावच्या शिपायांनी काय केले? आपल्या गावात कोणास अद्यापि पाशी बसविले जात नाही?
४. आंबापाणीच्या प्रसंगी दोन्ही बाजूंस भिल्ल होते. ह्यावरून काय शिकावे?
५. तुमच्या वस्तीतील किती कुटुंबांजवळ सातबाराचा उतारा आहे, व तो वाचता येणारे घरात कोणी आहे काय? पुढील सभेपूर्वी शिक्षकांनी ह्याची घरोघर जाऊन चौकशी करावी, व ज्यांस वाचता येत नाही त्यांस तो उतारा मोठ्याने वाचून दाखवावा.